डाव्या हाताची मुरड

"एकच द्या," बाबा म्हणाले.

काउंटरमागच्या माणसानं आमच्याकडं पाहिलं. बाबा, आई आणि मी. माणसं तीन आणि करंजी एक.

"पाव किलो घ्या ना, साहेब. क्रिसमस आहे."

"एकच."

त्यानं खांदे उडवले, कपाटातून एक करंजी काढून कागदावर ठेवली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, करंजी उजेडाकडं धरून तिची कड डोळ्यांजवळ नेली, कडेवरनं बोट फिरवलं. मग ती वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून खांद्यावरच्या पिशवीत टाकली. ना आईला तुकडा, ना मला.

"बाबा, खायची नसेल तर घेता कशाला?" मी विचारलंच.

"मुंबईची करंजी कशी असते ते बघतोय."

"सकाळपासून तीन बघितल्या की!"

"पाय उचल. संग्रहालय पाचला बंद होतं."

ते संग्रहालय आम्हाला शेवटपर्यंत दिसलं नाही.

शहाऐंशी सालची ही गोष्ट. मी एकोणीस वर्षांची होते, आणि माझं तोंड तेव्हाही आतासारखंच फटकळ होतं. नेवाशाजवळच्या आमच्या गावात बाबा मराठी शाळेचे मुख्याध्यापक. शांतवन उजागरे गुरुजी म्हटलं की पारावरची माणसं उठून उभी राहत. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. आजोबा मिशनच्या शाळेत, पणजोबाही तिथंच. चौथ्या पिढीचा खडू माझ्या भावाच्या, शमुवेलच्या, हातात जायचा होता. शमूदादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बाबांनी त्याला नगरला डी.एड.ला घातलं. त्यानं सहा महिने वर्गाचं तोंड पाहिलं, आणि मग एका बेकरीत कामाला लागला. घरी पत्ताच नाही. दर सुट्टीला येताना खारी आणायचा, आणि आम्ही म्हणायचो, किती गुणाचं पोर, खाऊचे पैसे साठवतंय.

हे कळलं ते ऐन नाताळात. कुणीतरी पाहुण्यानंच सांगितलं. ओटीवर पाळक बसलेले, चर्चची पंच मंडळी बसलेली, फराळाची ताटं फिरत होती. बाबा उभे राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तीन पिढ्यांनी खडू धरला आणि हा कणीक तिंबतोय. मार्था, आजपासून ह्याचं ताट ह्या घरात वाढायचं नाही."

शमूदादा तसाच उठला, चपला घातल्या, आणि गेला. त्याला तीन वर्षं झाली होती.

तीन वर्षांत त्याचं एक कार्ड आलं. माझ्या नावावर, त्याच ऑक्टोबरात. "एस्तेर, मी मुंबईत भायखळ्याच्या बाजूला बेकरीत आहे. बरा आहे. आईला सांग. शोधू नका." पत्ता नाही. शाळेतून आल्यावर बाबांनी ते कार्ड पालथं माझ्या हातात दिलं आणि हातपाय धुवायला न्हाणीत गेले. मी आणि आईनं ते चुलीपुढं बसून इतक्यांदा वाचलं की कडा मऊ पडल्या. मग आईनं ते बायबलात, स्तोत्रांच्या पानांत लपवलं. ते कुणाचं हे बाबांना कळलं तर कार्डसुद्धा घरात राहणार नाही, असं आम्हाला वाटत होतं.

आणि डिसेंबर लागताच एके रात्री जेवताना बाबा आपणहून म्हणाले, "ह्या नाताळला मुंबई बघून येऊ."

आईच्या हातातला घास हातातच राहिला. हा माणूस कधी तालुक्याबाहेर फिरायला गेलेला नव्हता. ज्या घरात आगपेटीची काडी उभी चिरून दोनदा वापरत, त्या घरात मुंबई! मी आईकडं पाहिलं, आईनं माझ्याकडं. आईनं मान खाली घातली आणि पुटपुटली, "देवानं ऐकलं गं." आमचा बेत तिथंच ठरला. बाबा मुंबई बघतील, आम्ही शमूदादाला बघू.

मुंबई बघायला निघालो, पण बाबांच्या हिशेबानं. भायखळ्याला एका मिशनच्या आवारात जुनं उतारूगृह होतं, तिथं मास्तर लोकांना स्वस्तात खोली मिळायची. तीन रात्री. मागच्या व्हरांड्यात स्टोव्ह पेटवायची मुभा. खाणं घरून आणलेलं: बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तिखट मिठाच्या दशम्या. बस नाही, टॅक्सीचं तर नाव नाही. "देवानं पाय दिलेत," बाबा म्हणायचे. परतीची तिकिटं नेवाशातच काढलेली, नाताळच्या दिवशी दुपारी चारची गाडी. म्हणजे आमच्या हातात तेवीस, चोवीस आणि पंचवीसची सकाळ. तेवढ्यात शमूदादा सापडला तर सापडला.

आणि एक डबा होता. पत्र्याचा, मोठा, वरून फडकं बांधलेला. त्यात करंज्या, शंकरपाळे, चिवडा. "शमूचा आहे," आईनं मला एसटीतच बजावलं. "हात लावलास तर तोडीन." बाबांना सांगितलं, कुणी ओळखीचं भेटलं तर द्यायला असावा.

त्या करंज्यांचं एक सांगायला हवं. आमच्या घरी नाताळच्या करंज्यांना मुरड घालायचे ते बाबा. गावात लोक हसायचे, हेडमास्तर बायकांचं काम करतो म्हणून. बाबा ऐकायचे नाहीत. बाबा डावखुरे. लहानपणी मास्तरांनी डावा हात पाठीमागं बांधून उजव्यानं लिहायला लावलेलं, त्यामुळं खडू उजव्या हातात, बाकी सगळं डाव्यात. आणि डाव्या हाताची मुरड उलट्या बाजूला झुकते. सगळ्या जगाच्या करंज्या एकीकडं तोंड करून बसतात, आमच्या दुसरीकडं. शेजारणी म्हणायच्या, ताटात वीस घरच्या करंज्या मिसळा, उजागऱ्यांची आंधळासुद्धा ओळखील. शमूदादाही डावखुरा निघाला. पहिलीत त्याच्या बाईंनी छडी उचलली तेव्हा बाबा वर्गात जाऊन म्हणाले होते, "माझा हात बांधला, तेवढं पुरे झालं. ह्याचा कुणी बांधायचा नाही." मुरड घालायला बाबांनीच त्याला शिकवलं, पाटाला पाट लावून. ते दोघं करंज्यांना बसले की कुणाची कुठली हे आईलाही सांगता यायचं नाही.

तर आमचं मुंबई दर्शन सुरू झालं. कुठल्या रस्त्यानं जायचं ते बाबा ठरवायचे, आणि रस्ता कसाही वळला तरी मध्ये बेकरी यायचीच. प्रत्येक बेकरीत बाबा आत जायचे आणि एक करंजी घ्यायचे. तिकडं तिला नेवरी म्हणतात, आणि नाताळात गोव्याकडच्या लोकांच्या बेकऱ्यांत ती कपाटभर असते. बाबा पुढं निघाले की मी मागं राहायची.

"काय झालं?" बाबा वळून विचारायचे.

"चप्पल तुटली."

आणि मी धावत आत जाऊन विचारायची, "भैया, शमुवेल नाम का कोई काम करता है इधर? शमुवेल उजागरे?"

नाही. कुठंच नाही. भायखळ्याला नाही, नागपाड्याला नाही, धोबीतलावला तर एकाच गल्लीत चार बेकऱ्या, चारींतही नाही. एक म्हातारा इराणी तर माझ्यावरच खेकसला, "पोलीस है क्या तुम?"

तिसऱ्यांदा चप्पल तुटली तेव्हा बाबा म्हणाले, "फारच तुटते तुझी चप्पल." चेहरा मात्र पाटीसारखा कोरा.

चोवीसच्या दुपारी माझा तोल गेला. पाय भाजत होते, पोटात सकाळची अर्धी भाकरी, आणि समोर एका बेकरीच्या काचेत हा एवढा मनुक्यांचा केक. आईनं नुसतं बघितलं त्याच्याकडं. मागितलं नाही, नुसतं बघितलं. आणि बाबा काउंटरवर म्हणतायत, "एकच करंजी द्या."

"बाबा, पुरे!" मी म्हणाले. "आईला घोटभर चहा पाजायला तुमचा हात वळत नाही, आणि पिशवीत करंज्या कोंबताय. खात नाही, खाऊ देत नाही. तुम्हाला मुंबई बघायची नाही, आम्हाला बघू देत नाही. मग आणलंत कशाला आम्हाला?"

दुकानातली माणसं वळून बघायला लागली. घरी असते तर माझी धडगत नव्हती. पण बाबांनी नुसती करंजी गुंडाळली.

"चहा घेऊ चल," ते म्हणाले.

आम्ही तिघांनी दोन कप चहा घेतला. बाबा नको म्हणाले, तरी आईनं बशीत ओतून त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी तो प्यायला आणि रस्त्याकडं बघत बसले. बेकरीचा पांढरा बनियन घातलेली पोरं पावाच्या पाट्या डोक्यावर घेऊन जात होती. बाबा एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, दमलेत.

नाताळची सकाळ उजाडली. जवळच्या मराठी चर्चमध्ये आठची उपासना. तिथंही मी गाण्याच्या वहीवरून एकेक डोकं बघत होते आणि आई तर डोळे मिटायच्या वेळीही उघडे ठेवून. तो नव्हता. परत आलो तेव्हा दहा वाजले होते. व्हरांड्यात कुणीतरी रेडिओ लावला होता. बाबा बाहेर नळावर गेले. आई खोलीत आली, डोक्यावरचा पदर मागं सारला, आणि पत्र्याचा डबा ओढून फडक्याची गाठ सोडायला लागली.

"आई! काय करतेस?"

"ताटं काढ."

"शमूदादाचा आहे ना तो? चारला गाडी आहे, अजून सहा तास आहेत!"

"एस्तेर, आज नाताळ आहे. शेजारी ताट गेल्याशिवाय आपल्यात कुणी तोंडात घास घालत नाही."

"इथं कुठले शेजारी? चार नंबरमधला तो माणूस आपलं नावसुद्धा विचारत नाही."

"भिंतीला भिंत लागली की शेजारी," आई म्हणाली. तिचा आवाज अचानक फाटला. "तीन दिवस हा डबा उराशी धरून बसले गं. शेजाऱ्यांना उपाशी ठेवून पोराला खाऊ घालायचं म्हटलं, म्हणूनच देव दाखवत नसेल त्याला. माझं पोर नाही सापडलं. निदान नाताळ तरी नाताळासारखा होऊ दे."

मग ती रडली. मी तिला आवाज करून रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, अगदी तो गेला त्या दिवशीही नाही. मी ताटं शोधायला लागले.

खोलीत उतारूगृहाच्या दोन टवके उडालेल्या बश्या होत्या. एक चार नंबरला, एक समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याला. चार नंबरवाल्यानं दार किलकिलं केलं, बशीकडं बघितलं आणि विचारलं, "कितने का है?" मी कपाळावर हात मारला. त्याला समजावता समजावता नाकी नऊ आले. शेवटी त्यानं बशी घेतली, आत गेला, आणि दोन केळी घालून परत दिली, कारण मी दारातच उभी होते आणि बशी घेतल्याशिवाय जाणार नव्हते.

राहिली कोपऱ्यातली खोली. तिथं सिस्टर फुर्टाडो राहायच्या. गोव्याच्या, रिटायर्ड नर्स, दहा-बारा वर्षं त्याच खोलीत. त्यांच्यासाठी ताट नव्हतं, आणि दुसऱ्या घरून परत आलेली बशी तशीच पुढं द्यायला आई तयार नव्हती.

"बाबांच्या पिशवीत काही आहे का बघ," आई म्हणाली. "जड लागते ती. डबा असेल."

त्या पिशवीला बाबा कुणाला हात लावू देत नव्हते. मी नळाकडं कान ठेवून चेन उघडली. वर पुड्याच पुड्या. त्या सगळ्या करंज्या. एक काढली, दुसरी काढली. प्रत्येक पुडीवर बाबांचं वळणदार अक्षर, पेन्सिलीनं.

"भायखळा, स्टेशनसमोर. उजवी."

"नागपाडा, मशिदीच्या बाजूची. उजवी."

"धोबीतलाव, कोपऱ्यावरची. उजवी."

अकरा पुड्या होत्या. अकराही उजव्या. आणि त्यांच्या खाली, टॉवेलमध्ये गुंडाळलेलं, शमूदादाचं ताट. त्याच्या बाप्तिस्म्याला मामानं दिलेलं स्टीलचं ताट. काठावर कोरलेलं: चि. शमुवेल यास मामाकडून. तीन वर्षं ते माळ्यावर होतं. आईला वाटत होतं की ते कुठं ठेवलंय ते बाबा विसरलेत.

मी पुड्या मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. आदल्या दिवशी भर दुकानात मी काय काय बोलले ते सगळं आठवलं आणि जीभ झडावी असं वाटलं.

"कुणी सांगितलं हात लावायला?"

बाबा दारात उभे होते. तोंड ओलं, खांद्यावर पंचा. आवाजात जोर नव्हता.

आईनं एक पुडी उचलून वाचली. मग दुसरी. मग तिनं बाबांकडं पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं? ते कार्ड..."

"पोस्टमन आधी शाळेत येतो, मार्था," बाबा म्हणाले. "कार्डाला पाकीट नसतं."

"मग नाव का नाही विचारलंत कुठं? एस्तेर बघा, चपला तोडून तोडून विचारत होती."

बाबा खाटेच्या कडेवर बसले. त्यांनी पंचाची घडी घातली.

"मी नाव विचारलं असतं," ते म्हणाले, "आणि आतून तो म्हणाला असता, त्या माणसाला सांग मी नाही इथं. मग?"

आईनं डोळे पुसले, त्यांच्यापुढं हात केला. "आणा ते ताट."

"कशाला?"

"सिस्टरबाईंना फराळ द्यायचाय. पोरगा नाही तर नाही, त्याचं ताट सणाचं उपाशी कशाला राहील?"

तिनं ते पदरानं पुसलं. पाच करंज्या, ओंजळभर शंकरपाळे, चिवडा. वरून माझा धुतलेला रुमाल. मी ते घेऊन कोपऱ्यातल्या खोलीवर गेले.

सिस्टर फुर्टाडो फुलांच्या झग्यात होत्या. त्यांनी रुमाल उचलला आणि गालावर हात ठेवला. "अगो बाय, माझ्यासाठी? दहा वर्षांत हय कोण काय देऊक नाय गो!" मग त्यांनी ताट रिकामं केलं आणि मला तसंच परत द्यायला लागल्या.

"सिस्टर, रागावू नका," मी म्हणाले. "आमच्यात ताट रिकामं परत न्यायचं नसतं. चिमूटभर साखर टाकली तरी चालेल."

"साखर कित्याक? थांब." त्यांनी कपाटातून पुठ्ठ्याचा खोका काढला आणि ताटात पाच-सहा नेवऱ्या ठेवल्या. "आजच आणल्या सकाळी. एकदम फ्रेश."

मी ताट आणून बाबांच्या पुढ्यात ठेवलं. चिडवायला नाही, खरंच नाही. खाटेवर तेवढीच जागा होती.

बाबांनी सवयीनं चष्मा कपाळावर सरकवला. एक नेवरी उचलली. कड डोळ्यांजवळ नेली, बोट फिरवलं. मग बोट थांबलं. परत सुरुवातीपासून फिरवलं. दुसरी उचलली, तिसरी उचलली.

"मार्था," ते म्हणाले. "आपल्या करंज्या ह्यात मिसळल्यात का तुम्ही?"

"नाही हो. तिनं सगळ्या काढून घेतल्या."

बाबांनी डब्यातली एक करंजी काढून तिच्या शेजारी ठेवली. दोन्ही मुरडी एकाच बाजूला झुकलेल्या. उलट्या.

मी धावत सिस्टरांच्या दारावर गेले. "कुठून आणल्या? सिस्टर, कुठल्या दुकानातून?"

"दुकान नाय गो ता. माझगावात भट्टी आहे, हिरव्या दरवाजाची. ऑर्डर दिली तरच करतात. आज बारापर्यंत असतील उघडे."

घड्याळात पावणेअकरा झाले होते. खोलीत आले तर बाबा चपला घालून उभे, काखेत शमूदादाचं ताट, आणि आईच्या हातात पत्र्याचा डबा. आणि रस्त्यावर येताच ह्या माणसानं हात वर करून टॅक्सी थांबवली. आईनं माझा दंड इतका आवळला की वळ उठले.

गल्लीच्या टोकाला हिरवं दार. आतून मैद्याचा आणि तापल्या तुपाचा वास. बाबा दाराशी आले आणि थबकले.

"तू पुढं हो, एस्तेर. मी थांबतो इथं."

"नाही बाबा," मी म्हणाले. "ताट तुमच्या हातात आहे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि उंबरा ओलांडला.

दारात एक जाडा माणूस पावाच्या लाद्या मोजत होता. बाबांनी विचारलं, "शमुवेल उजागरे?"

"इधर ऐसा कोई नहीं."

बाबांनी खिशातून नेवरी काढली. "ये किसने बनाया?"

"ये? ये तो लेफ्टी का हाथ है." आणि तो आत ओरडला, "ए लेफ्टी! कस्टमर आया, देख, कुछ कंप्लेंट है क्या!"

म्हणून तर शमुवेल हे नाव कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

तो पीठ पुसत बाहेर आला. कोपरापर्यंत मैदा, केसांत मैदा, गालफडं बसलेली. त्यानं आधी मला बघितलं, मग आईला, मग बाबांना. आणि मग त्याची नजर ताटावर गेली आणि तिथंच राहिली.

बाबांनी नेवरी पुढं केली.

"मुरड ढिली आहे," ते म्हणाले.

शमूदादानं नेवरीची कड बघितली. "इथं नुसता मैदा वापरतात, बाबा. घरच्यासारखा रवा नसतो त्यात."

आई पुढं झाली. तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, असा की मैद्याचा ढग उठला. "कार्डावर पत्ता लिहायला शाई संपली होती का रे, मेल्या?" आणि मग त्याला मिठी मारली आणि सोडेचना.

आतली सगळी पोरं दाराशी गोळा झाली. जाड्या माणसानं लाद्या मोजणं सोडलं. बाबांनी त्या सगळ्यांकडं पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, बाहेर चल, बाहेर बोलू. माणसांपुढं मन उघडं करणाऱ्यातले ते नव्हतेच.

पण ते तिथंच उभे राहिले, वर्गात राहायचे तसे ताठ.

"शमुवेल," ते म्हणाले, "तुझं ताट वाढायचं नाही असं मी चार माणसांत म्हणालो होतो. म्हणून चार माणसांतच सांगतो. माझं चुकलं."

आमच्या घराण्यात हे वाक्य कुणी बापानं मुलाला म्हटलेलं मी ऐकलेलं नव्हतं. शमूदादा ओणवा झाला, दोन्ही मैद्याचे हात तोंडावर घेऊन लहान पोरासारखा रडला. जाड्या माणसानं काही न समजताच कुणालातरी चहा आणायला पिटाळलं.

बाराला भट्टी बंद व्हायची होती, पण संध्याकाळच्या एका साखरपुड्याची ऑर्डर अर्धी राहिली होती. शमूदादा एकटाच उरकायला बसला. बाबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, नळावर हात धुतले, आणि त्याच्या शेजारी पाटावर बसले. पाटाला पाट लावून. मी आणि आई मैद्याच्या पोत्यांवर बसून चहा पीत होतो. दोन डावे हात चालत होते. पोरं आलटून पालटून येऊन बघत होती. एकानं विचारलं, "लेफ्टी, ये तेरे फादर हैं? ये भी लेफ्टी?" बाबा म्हणाले, "हां. मैं पहिला." सगळी भट्टी हसली. तीन वर्षांत बाबा हसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

निघायची वेळ झाली. "कधी येतोस?" आईनं विचारलं.

शमूदादा खाली बघत म्हणाला, "बघतो. सुट्टी मिळाली तर."

मला त्याचं बघतो माहीत होतं. नगरहूनही तो असाच बघतो म्हणायचा. आईचा चेहरा उतरला. बाबांनी बाजूला ठेवलेलं ताट उचललं. आईनं त्यात डब्यातला उरलेला सगळा फराळ रिता केला, अगदी चुरासुद्धा. बाबांनी ते शमूदादाच्या हातात दिलं.

"खडू धर म्हणत नाही आता," ते म्हणाले. "पण ताट परत करायचं असतं. आणि रिकामं करायचं नसतं. एवढं घरचं वळण विसरू नकोस."

आम्ही चारची गाडी धरली. वाटेत बाबांनी पिशवीतल्या अकराही करंज्या काढल्या आणि आम्ही त्या नगर येईपर्यंत खाल्ल्या. दोन-तीन खवट झाल्या होत्या. त्याही खाल्ल्या.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. आई रोज पोस्टमनची वाट बघायची आणि बाबा संध्याकाळी हात हलवत शाळेतून यायचे. दाराशीच म्हणायचे, "काही नाही." आता कार्ड पालथं करून द्यायचं कारणच उरलं नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारची एसटी आली. फाट्यावरून गावात यायला वीस मिनिटं लागतात. मी ओटीवर डी.एड.चा फॉर्म भरत होते. हो, खडू शेवटी मीच धरला, आणि बत्तीस वर्षं धरला. वर पाहिलं तर शमूदादा अंगणात उभा, खांद्याला पिशवी आणि दोन्ही हातांत फडक्यानं झाकलेलं ताट. मुंबईपासून त्यानं ते मांडीवरच आणलं होतं.

बाबा आतून आले. त्यांनी फडकं उचललं. करंज्या होत्या, काठोकाठ. चष्मा कपाळावर गेला, एक करंजी डोळ्यांजवळ गेली, कडेवरनं बोट फिरलं.

"अजून ढिलीच आहे," ते म्हणाले.

मग वळून त्यांनी स्वयंपाकघराकडं हाक मारली, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मार्था, हे ताट मोकळं करून घे. त्याला ह्यातच वाढायचंय."